लॅन कार्डावरचं रिकामं सॉकेट : जुन्या संगणकाला नवी डिस्क ओळखायला कशी लावाल?

वर्कशॉप चालवणाऱ्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या वाचकांकडून एकाच अडचणीबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा होते. मशीन ठणठणीत आहे, पण ते चालवणारा ३८६ किंवा ४८६ संगणक अडून बसला आहे. त्याची मूळ हार्ड डिस्क गेली, आणि तिच्या जागी लावलेली नवी डिस्क तो एक तर ओळखतच नाही, नाही तर तिचे ५०४ एमबीच दाखवतो. कुणी जाणकार सांगतो, ‘एक जुनं लॅन कार्ड आणा, त्यावर रॉम बसवा, काम होईल.’ इथे गोंधळ सुरू होतो. आम्हाला नेटवर्क नको आहे, मग लॅन कार्ड कशाला? आणि आणलेल्या कार्डावर रॉमच्या जागी नुसती भोकं आहेत, सॉकेटच नाही, त्याचं काय करायचं?

सल्ला बरोबर आहे. त्या काळच्या बऱ्याच लॅन कार्डांवर नेटवर्कवरून संगणक सुरू करण्यासाठी रॉम चिपची जागा ठेवलेली असे. फार थोड्या गिऱ्हाइकांना ती लागायची, म्हणून कारखान्यातून ती रिकामीच यायची. त्या जागेत आपण आपल्या गरजेचा रॉम बसवू शकतो. नेटवर्कची केबल जोडायची नाही, ड्रायव्हर टाकायचा नाही. कार्डाचं काम फक्त चिप धरून ठेवण्याचं.

या लेखात आज्ञा, पत्ते आणि फाईलींची नावं देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.

आधी पाहा, एवढं करायची गरज आहे का?

जुन्या बायॉसला डिस्कचे १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यापलीकडे मोजता येत नाही. दर सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हिशेब ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइटवर थांबतो. हेच ते ५०४ एमबी. डिस्क त्याहून मोठी असली तर उरलेला भाग बायॉसच्या दृष्टीने नसतोच.

पण मशीन चालवणाऱ्या डॉसच्या प्रोग्रामला जागा लागते किती? पुष्कळदा २० एमबीसुद्धा लागत नाही. म्हणून कार्डाच्या मागे लागण्याआधी सेटअप उघडून हे पर्याय तपासा.

- डिस्कच्या यादीत ४७ नंबरचा किंवा ‘युजर’ नावाचा प्रकार असेल, तर तिथे १०२४, १६ आणि ६३ हे आकडे हाताने भरा. बहुतेक डिस्क आणि सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डं पहिले ५०४ एमबी देऊन मुकाट चालतात. तेवढ्यात तुमचं भागत असेल तर पुढचं काहीही करू नका.
- यादीत फक्त ठरावीक प्रकारच असतील, तर त्यातला नव्या डिस्कपेक्षा लहान प्रकार निवडून पाहता येतो. कधी कधी चालतो, पण जागा फारच कमी मिळते.
- ऑनट्रॅक डिस्क मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसून मर्यादा ओलांडतं. हार्डवेअरला हात लावावा लागत नाही. मात्र थेट फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की ते चढत नाही आणि डिस्क नीट दिसत नाही. जिथे कामगार फ्लॉपीवरून प्रोग्राम चढवतात, तिथे मी हा पर्याय सुचवत नाही.
- कार्डावर रॉम बसवणं. संगणक सुरू होताच बायॉस स्वतःच या रॉमला काम सोपवतो, त्यामुळे फ्लॉपी असो वा डिस्क, फरक पडत नाही. ज्या बायॉसमध्ये ‘युजर’ प्रकारच नाही, तिथे टिकाऊ इलाज हाच.

रॉम काय करतो, कामापुरतं

संगणक चालू होताना बायॉस मेमरीचा एक ठरावीक पट्टा दर २ केबीवर तपासत जातो. जिथे ५५ आणि एए हे दोन बाइट ओळीने सापडतील, तिथे जादा रॉम आहे असं समजतो. तिसऱ्या बाइटमध्ये रॉमची लांबी असते. तेवढ्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने नि:शेष भागली गेली, तरच बायॉस त्या रॉमकडे काम सोपवतो. एक बाइट जरी चुकीचा लिहिला गेला तरी रॉम नाकारला जातो. पुढे चिप लिहिताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपण जो रॉम वापरणार आहोत त्याचं नाव एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायॉस. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची मूळ आवृत्ती ८ केबीत मावते.

कार्ड कोणतं घ्यावं

कार्ड आयसा स्लॉटचंच हवं. थ्रीकॉमचं ३सी५०९बी किंवा रिअलटेकच्या आरटीएल८०१९एएस चिपवरचं कुठलंही साधं कार्ड चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी करा. तिथे नाही मिळालं तर जुन्या संगणकांच्या भंगारवाल्याकडे मिळण्याचा संभव जास्त.

पीसीआय कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. पीसीआयच्या रॉममध्ये त्या कार्डाची ओळख सांगणारा वेगळा मजकूर लागतो, त्यामुळे आपली फाईल त्यावर आहे तशी चालत नाही.

कार्ड हातात घेऊन २८ पिनांचं सॉकेट शोधा. सॉकेट असेल तर पुढचा भाग सोडून थेट चिपवर या. ३२ पिनांचं असेल तर २८ पिनांची चिप त्यात कुठून सरकवायची हे कार्डाच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय वीज देऊ नका. भोकंही नसतील, तर दुसरं कार्ड पाहा.

नुसती भोकं असतील तर : आधी मल्टिमीटर, मग सोल्डरिंग

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

भोकं आहेत म्हणजे त्यांच्यापर्यंत सगळ्या तारा पोचल्याच आहेत असं नाही. कोल्हापूरजवळच्या एका वर्कशॉपसाठी मी असंच एक कार्ड घेऊन बसलो होतो. उत्साहाच्या भरात आधी सॉकेट सोल्डर केलं, चिप बसवली, आणि मग दुपारभर पडद्यावर काही उमटत का नाही ते शोधत राहिलो. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं की सॉकेटची २० नंबरची पिन शेजारच्या एका लहान चिपकडे जात होती, आणि ती लहान चिपसुद्धा कारखान्याने बसवलेली नव्हती. दहा मिनिटांची तपासणी आधी केली असती, तर त्या दिवशी मशीन चालू झालं असतं.

तेव्हा कार्ड संगणकाबाहेर ठेवून, मल्टिमीटर बीपवर लावून, हे तपासा. आयसा कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये सुट्या भागांच्या बाजूला ए१ ते ए३१ आणि मागच्या बाजूला बी१ ते बी३१ असे संपर्क असतात. मोजणी बाहेर उघडणाऱ्या पत्र्याच्या बाजूकडून सुरू होते.

- १४ नंबरची पिन जमिनीला, म्हणजे बी१ ला जोडलेली हवी.
- २८ नंबरची पिन ५ व्होल्टला, म्हणजे बी३ किंवा बी२९ ला हवी.
- १० नंबरची पिन हा पत्त्याचा सगळ्यात खालचा बिट. बऱ्याच कार्डांवर ती थेट ए३१ ला मिळते. त्यापुढे ९ नंबरची पिन ए३० ला, ८ नंबरची ए२९ ला, असा क्रम ३ नंबरच्या पिनेपर्यंत लागतो.
- ११, १२, १३ आणि १५ ते १९ या डेटाच्या पिना. त्या ए९ ते ए२ या संपर्कांकडे थेट किंवा कार्डाच्या मुख्य चिपमार्फत जातात.
- २० आणि २२ या चिपला ‘बोल’ म्हणून सांगणाऱ्या पिना. त्या मुख्य चिपपर्यंत पोचतात की मधल्या रिकाम्या जागेत अडतात, ते पाहा.

पत्त्याच्या किंवा डेटाच्या तारा थेट सोनेरी पट्टीला न मिळता मुख्य चिपकडे गेल्या तर घाबरू नका. काही कार्डांची रचनाच तशी असते. पण वाट रिकाम्या जागेत संपत असेल तर थांबा. तिथे कोणती चिप बसायची ते कार्डावर छापलेल्या नावावरून कळलं, तर ती आणून बसवता येते. नाव नसेल तर अंदाज बांधत बसू नका, दुसरं कार्ड शोधा. एका जुन्या लॅन कार्डापेक्षा तुमचा दिवस महाग आहे.

सगळ्या तारा बरोबर निघाल्या की सोल्डरिंगला बसा.

1. भोकं सोल्डरने बुजलेली असतील तर त्यांत थोडं नवं सोल्डर मिसळून गरम करा आणि पंपाने ओढून घ्या. नवं सोल्डर घातल्याशिवाय जुनं नीट वितळत नाही.
2. १४ नंबरचं भोक सगळ्यात हट्टी असतं, कारण ते तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेलं असतं आणि उष्णता तिकडे पळते. तिथे सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवा, पण ड्रिल किंवा सुई घालून भोक मोकळं करू नका. आतलं तांबं निघालं की कार्ड गेलं.
3. चिप थेट सोल्डर करू नका, सॉकेट बसवा. चिप दोनतीनदा तरी काढावी लागतेच.
4. सॉकेटची खाच कार्डावर छापलेल्या खाचेच्या बाजूलाच ठेवा. आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या पिना सोल्डर करा, सॉकेट सपाट बसलं का पाहा, मग बाकीच्या.
5. जवळ ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची रिकामी जागा असेल तर तोही बसवा.
6. शेवटी शेजारशेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे पुन्हा मल्टिमीटरने पाहा. २८ आणि १४ यांच्यात बीप आला तर कार्ड स्लॉटमध्ये घालायचं नाही.

पठारावरच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावरची स्थिर वीज चिप मारू शकते. कामाला बसण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा आणि नायलॉनचा स्वेटर बाजूला ठेवा. सोल्डरचा धूर तोंडावर घेऊ नका.

चिप कोणती, आणि ती कशी लिहायची

- २७सी६४, २७सी१२८, २७सी२५६ : खिडकीच्या चिपा. अतिनील प्रकाशात पुसाव्या लागतात. त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, आणि लिहून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा.
- डब्ल्यू२७सी५१२ : माझी पहिली पसंती. ही प्रोग्रामरवरच विजेने पुसली जाते, त्यामुळे चूक झाली तर पाच मिनिटांत पुन्हा लिहिता येते.
- २८सी६४ : हीसुद्धा चालते, पण हिची २७ नंबरची पिन लिहिण्याची आज्ञा देणारी असते. मोठ्या रॉमसाठी आखलेल्या सॉकेटात त्याच पिनेवर पत्त्याची तार येते. म्हणून मी ती टाळतो.

लिहायची फाईल आधी तयार करावी लागते. एक्सटीआयडीईसोबत एक्सटीआयडीईसीएफजी नावाचा प्रोग्राम येतो. तो फ्लॉपीवर घ्या आणि ज्या संगणकात कार्ड बसायचं आहे त्याच संगणकावर चालवा. २८६ साठी आयडीई_एटी आणि ३८६ किंवा त्यापुढच्यासाठी आयडीई_३८६ ही फाईल उघडा, आपोआप जुळवणी करायला सांगा आणि जतन करा. बेरजेचा हिशेब हाच प्रोग्राम जुळवतो. म्हणून यानंतर फाईलमध्ये दुसऱ्या कशाने एक अक्षरही बदलू नका.

फाईल ८ केबीची आणि चिप मोठी, तर काय करायचं? तीच फाईल चिप भरेपर्यंत एकीपुढे एक लिहा. २७सी२५६ मध्ये ती चार वेळा मावते, डब्ल्यू२७सी५१२ मध्ये आठ वेळा. असं केलं की कार्डावरच्या वरच्या पत्त्याच्या पिना कशाला जोडल्या आहेत याची काळजी उरत नाही. चिपचा कुठलाही भाग वाचला तरी मजकूर तोच.

स्वतःचा प्रोग्रामर नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चिप लिहून देणारे मिळतात. फाईल पेनड्राइव्हवर न्या, वर सांगितल्याप्रमाणे भरून घ्या, आणि लिहिल्यानंतर पडताळणी समोर करून घ्या.

कार्डाला रॉम चालू करायला सांगा

चिप बसवूनही काही घडत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे कार्डावर रॉमची सोय बंद करून ठेवलेली असते. जुन्या कार्डांवर त्यासाठी जंपर असतो. ३सी५०९बी साठी थ्रीकॉमचा ३सी५एक्स९सीएफजी, आणि आरटीएल८०१९एएस साठी आरसेट८०१९ हा प्रोग्राम डॉसमधून चालवा. त्यात रॉम चालू करा, आकार ८ केबी किंवा त्याहून वरचा जो मिळेल तो ठेवा, आणि पत्ता डी०००० निवडा. सी०००० ते सी७एफएफएफ हा पट्टा व्हिडिओ कार्डाचा, तिकडे जाऊ नका. मशीनच्या कंट्रोल कार्डाचाही स्वतःचा पत्ता असतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत तो पाहा, आणि डी०००० त्याने घेतला असेल तर डी८००० वापरा. लॅन कार्डाचा आयआरक्यू आणि पोर्टसुद्धा कंट्रोल कार्डाशी भिडणार नाही असा ठेवा.

बायॉसच्या सेटअपमध्ये आपल्या रॉमच्या पट्ट्याचं शॅडो सुरुवातीला बंद ठेवा. सगळं चालू लागल्यावर वेगासाठी चालू करून पाहायला हरकत नाही.

डिस्क लावताना

जुनी डिस्क अजून थोडीफार फिरत असेल, तर या सगळ्याच्या आधी तिच्यातलं सगळं उतरवून घ्या. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू खराब सेक्टर वगळून आधी चांगला भाग काढतं आणि मग अवघड भागाकडे वळतं. ती प्रत दोन ठिकाणी ठेवा. मशीनचं सॉफ्टवेअर पुन्हा मिळवून देणारी कंपनी आज अस्तित्वात असेलच असं नाही.

नवी डिस्क म्हणून मी सीएफ कार्ड सुचवतो. सीएफला आयडीईची भाषा मुळातच येते, त्यामुळे मधलं अ‍ॅडॅप्टर साधं आणि स्वस्त असतं. धूळ आणि हादरे असलेल्या जागी फिरत्या डिस्कपेक्षा ते बरं.

1. सेटअपमध्ये डिस्कच्या जागी ‘नाही’ निवडा. आता डिस्क सांभाळणं एक्सटीआयडीईचं काम आहे.
2. अ‍ॅडॅप्टरचा जंपर मास्टरवर ठेवा.
3. डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून एफडिस्कने नवा भाग बनवा आणि तो सक्रिय करा. डॉस ६.२२ मध्ये एक भाग २ जीबीपेक्षा मोठा होत नाही.
4. फॉरमॅट सी: /एस चालवा. संगणक सुरू होताना अडला तर एफडिस्क /एमबीआर द्या.
5. मग फाईली कॉपी करा.

जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत सीएफवर उतरवून ती सुरू होईल अशी अपेक्षा धरू नका. डिस्कची मोजणी बायॉसची वेगळी आणि एक्सटीआयडीईची वेगळी असू शकते, आणि मग डिस्क सुरूच होत नाही. फाईली कॉपी करताना डॉस ६.२२ चं एक्सकॉपी लपवलेल्या फाईली मागे ठेवतं, तेव्हा आधी अ‍ॅट्रिब आज्ञेने त्या उघड करा. काही मशीनच्या सॉफ्टवेअरची कॉपीबंदी डिस्कवरच्या विशिष्ट जागेशी बांधलेली असते. अशा वेळी फाईली उतरूनही प्रोग्राम नकार देतो. म्हणून जुनी डिस्क फेकू नका.

अडलं तर कुठे पाहायचं

- सुरू होताना एक्सटीआयडीईची ओळ दिसत नाही : कार्डावर रॉम बंद आहे, पत्ता दुसऱ्याशी भिडतो आहे, किंवा चिप चुकीची लिहिली गेली आहे. तपासणी याच क्रमाने करा.
- ओळ दिसते, डिस्क दिसत नाही : केबल उलटी, जंपर चुकीचा किंवा अ‍ॅडॅप्टरला वीज नाही.
- डॉस सुरू होता होता संगणक गोठतो : ईएमएम३८६ रॉमचा पट्टा मोकळा समजून वापरतं आहे. कॉन्फिग.सिस मधल्या त्याच्या ओळीत एक्स=डी०००-डी१एफएफ जोडा. रॉमचा आकार १६ केबी ठेवला असेल तर डी३एफएफ पर्यंत.
- विंडोज ३.१ मध्ये अडतं : ३२ बिट डिस्क अ‍ॅक्सेस बंद करा.
- चिप चटका बसेल इतकी तापली : ती उलटी बसली आहे. तत्काळ वीज बंद करा. अशी चिप पुन्हा वापरू नका.

तुमचे हक्क

एक्सटीआयडीई जीपीएल परवान्याखाली आहे. धंद्याच्या ठिकाणी वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. तुम्ही ते चिपमध्ये भरून इतरांना विकलंत, तर मात्र मूळ कोड उपलब्ध करून देण्याची अट पाळावी लागेल.

मशीनचा वार्षिक देखभाल करार चालू असेल, तर संगणक उघडण्याआधी करार वाचा आणि पुरवठादाराची संमती लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, करा’ पुढे उपयोगी पडत नाही.

विकत घेतलेलं कार्ड, चिप किंवा प्रोग्रामर सदोष निघाला, तर पावती हाच तुमचा आधार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहकाचं संरक्षण मिळत नाही. पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला ते मिळतं. एकट्याने लेथ चालवणारा कारागीर या सवलतीत बसू शकतो, तेव्हा ‘तुमचा तर धंदा आहे’ असं ऐकून गप्प बसू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. एक मात्र आहे : तुम्ही स्वतः सोल्डरिंग केलेलं कार्ड विक्रेता परत घेणार नाही. म्हणून विकत घेतलेलं कार्ड भोकांना हात लावण्यापूर्वी एकदा संगणकात घालून, जुळवणीच्या प्रोग्रामला ते सापडतं का, एवढं पाहून घ्या.

काम झाल्यावर

आणखी एक चिप त्याच फाईलने लिहून घ्या आणि स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सोबत एक कागद ठेवा. त्यावर रॉमचा पत्ता, फाईलचं नाव आणि आवृत्ती, ईएमएम३८६ च्या ओळीतला बदल, सेटअपमध्ये डिस्क ‘नाही’ ठेवली आहे ही सूचना, आणि तारीख लिहा. सेटअपची बॅटरी संपून सगळी माहिती पुसली गेली, की मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला हाच कागद लागणार आहे.